सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेतील श्रवणयंत्रांची प्रतीक्षा : कारणे, परिणाम आणि उपाय

सारांश

श्रवणदोष हा बाह्यतः न दिसणारा दोष असल्यामुळे त्याच्या निवारणातील विलंबही सहसा दृष्टीस पडत नाही. शासकीय यंत्रणेमार्फत मोफत अथवा सवलतीच्या दरात श्रवणयंत्र मिळण्याची तरतूद भारतात १९८१ पासून अस्तित्वात आहे. तथापि गरजू व्यक्तीची पहिली तपासणी आणि तिच्या कानावर यंत्र बसणे यांमध्ये दीर्घ काळ जातो. प्रस्तुत लेखात हा काळ कोणत्या टप्प्यांवर खर्ची पडतो, त्यामागील प्रशासकीय, कायदेशीर व मनुष्यबळविषयक कारणे कोणती आणि त्याचे बालक, कार्यक्षम वयातील व्यक्ती व ज्येष्ठ नागरिक यांच्यावर कोणते परिणाम होतात, याचे विवेचन केले आहे. इंग्लंडमधील अनुभवाचा तुलनेसाठी आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : श्रवणदोष, श्रवणयंत्र, प्रतीक्षाकाळ, एडिप योजना, दिव्यांग प्रमाणपत्र, पुनर्वसन.

१. प्रस्तावना

मानवी व्यवहाराचा पाया भाषा हा आहे आणि भाषेचे प्रवेशद्वार कान हे आहे. मूल बोलण्यापूर्वी ऐकते. किंबहुना ते ऐकते म्हणूनच बोलते. वार्धक्यात दृष्टी मंदावली तर चष्मा सहज उपलब्ध होतो आणि तो वापरण्यात कोणालाही संकोच वाटत नाही. श्रवणशक्ती मंदावल्यास मात्र संबंधित व्यक्ती, तिचे कुटुंब आणि शासनयंत्रणा या तिन्ही पातळ्यांवर दिरंगाई होते.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्रवणविषयक जागतिक अहवालानुसार जगातील सुमारे १५० कोटी लोकांना कमीअधिक प्रमाणात श्रवणदोष असून त्यांपैकी सुमारे ४३ कोटी लोकांना पुनर्वसन सेवेची आवश्यकता आहे. २०५० पर्यंत ही संख्या ७० कोटींच्या घरात जाईल, असा या अहवालाचा अंदाज आहे. श्रवणयंत्राचा लाभ होऊ शकेल अशा व्यक्तींपैकी केवळ १७ टक्के व्यक्ती प्रत्यक्षात ते वापरतात, हे या अहवालातील निरीक्षण विशेष लक्षणीय आहे. उर्वरित ८३ टक्के व्यक्तींमध्ये यंत्र नको असलेले लोक जसे आहेत, तसेच यंत्राची वाट पाहणारे आणि वाट पाहून थकलेले लोकही आहेत.

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींपैकी सुमारे ५० लाख ७० हजार व्यक्तींना श्रवणविषयक दिव्यांगत्व होते. याउलट राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमात आधारभूत मानलेला जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ६ कोटी ३० लाखांचा, म्हणजे लोकसंख्येच्या ६.३ टक्के इतका आहे. या दोन आकड्यांमध्ये बारापटीहून अधिक अंतर आहे. जनगणनेत व्यक्तीने अथवा कुटुंबप्रमुखाने दिलेल्या उत्तराची नोंद होते, तर वैद्यकीय अंदाज श्रवणमापनावर आधारित असतो, हे या तफावतीचे प्रमुख कारण होय. नियोजन कोणत्या आकड्यावर करावयाचे, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

२. लेखाची उद्दिष्टे

१. सार्वजनिक व्यवस्थेत श्रवणयंत्र मिळण्याची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने स्पष्ट करणे.
२. प्रतीक्षा लांबण्याची कारणे शोधणे.
३. विलंबाचे वयोगटनिहाय परिणाम मांडणे.
४. इंग्लंडच्या अनुभवातून मिळणारे धडे तपासणे व उपाय सुचविणे.

हे विवेचन शासकीय योजनांचे निकष, कायद्यातील तरतुदी आणि प्रकाशित अहवाल या दुय्यम साधनांवर आधारलेले आहे.

३. शासकीय तरतुदींचे स्वरूप

दिव्यांग व्यक्तींना साहाय्यक साधने पुरविण्यासाठी केंद्र शासनाची योजना १९८१ पासून राबविली जाते. ती ‘एडिप’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. २०२२ पासून लागू झालेल्या सुधारित निकषांनुसार मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास साधनाची पूर्ण किंमत आणि ३०,००० रुपयांपर्यंत असल्यास निम्मी किंमत शासन देते. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. या योजनेखालील साधनांचे उत्पादन व वितरण करण्यात १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कानपूर येथील भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगमाचा, म्हणजे अलिम्कोचा, मोठा वाटा आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था ही या क्षेत्रातील शिक्षण, संशोधन व सेवा यांची प्रमुख राष्ट्रीय संस्था आहे.

आरोग्य विभागाच्या बाजूने राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ मध्ये २५ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला व पुढे टप्प्याटप्प्याने विस्तारला. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मतः ते १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट असून जन्मजात बहिरेपण हा त्यातील एक नोंदणीकृत दोष आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना १ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यात ६५ वर्षे व त्यावरील पात्र व्यक्तींच्या बँक खात्यात साहाय्यक साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये जमा करण्याची तरतूद करण्यात आली.

यावरून असे दिसून येते की, तरतुदींची वाण नाही. सामाजिक न्याय, आरोग्य आणि शिक्षण असे तीन विभाग या कामाशी संबंधित आहेत. परंतु एकाच व्यक्तीचा प्रवास या तीन विभागांतून होत असताना त्या संपूर्ण प्रवासाची जबाबदारी कोणत्याही एका विभागाकडे नाही, हीच मुख्य अडचण आहे.

४. प्रतीक्षेचे टप्पे

‘श्रवणयंत्र मिळण्यास विलंब’ असा एकच शब्दप्रयोग केला जात असला, तरी प्रत्यक्षात ही अनेक प्रतीक्षांची मालिका असते. उदाहरणादाखल एखाद्या डोंगराळ तालुक्यातील ५५ वर्षांचा शेतमजूर कल्पनेसमोर आणावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच्या कानातील मळ पाहिला जाईल. पण श्रवणमापनाची सोय तेथे नसते. ग्रामीण रुग्णालयातून त्यास जिल्हा रुग्णालयात पाठविले जाते. तेथे कान-नाक-घसा तज्ज्ञ कान तपासतात आणि श्रवणतज्ज्ञ ध्वनिरोधक कक्षात श्रवणालेख काढतात. तज्ज्ञ उपलब्ध असण्याचा वार आणि दिव्यांग मंडळ बसण्याचा वार निरनिराळा असल्यास दुसरी फेरी होते. त्याने सांगितलेल्या ऐकू येण्याबाबत शंका आल्यास मेंदूच्या प्रतिसादावर आधारित बेरा चाचणी करावी लागते. ती सुविधा जवळपास नसेल तर मोठ्या शहराची वाट धरावी लागते.

यानंतर ऑनलाईन अर्ज, दिव्यांग प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र यांची प्रतीक्षा सुरू होते. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला घ्यावा लागतो. मग तालुक्याच्या ठिकाणी होणाऱ्या मूल्यमापन शिबिरात नाव नोंदविले जाते आणि त्यानंतर काही महिन्यांनी वितरण शिबिराची तारीख येते. या मधल्या काळात मागणीची यादी तयार होणे, निधी मंजूर होणे, यंत्रांचा पुरवठा होणे आणि वितरणासाठी मान्यवरांची वेळ मिळणे अशी चार कामे व्हावयाची असतात. यांपैकी शेवटच्या कामाचा रुग्णाच्या कानाशी कोणताही संबंध नसतो.

यंत्र हाती आले म्हणजेही प्रतीक्षा संपत नाही. कानामागे लावावयाच्या यंत्रास कानाच्या आकाराचा साचा लागतो. तो नीट बसला नाही तर यंत्र शिटी वाजविते. शिवाय डिजिटल यंत्र त्या व्यक्तीच्या श्रवणालेखानुसार जुळवावे लागते आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते. झिंक-एअर प्रकारची बॅटरी सामान्यतः एक ते दोन आठवडे चालते. म्हणजे वर्षाकाठी एका यंत्रास पंचवीस ते पन्नास बॅटऱ्या लागतात. त्या गावात मिळत नसल्यास मोफत मिळालेले यंत्र फडताळात पडून राहते. कागदोपत्री मात्र ती व्यक्ती ‘लाभार्थी’ ठरलेली असते.

५. विलंबाची कारणे

५.१ मागणी व क्षमता यांतील असमतोल

प्रतीक्षायादीचे गणित साधे आहे. एखाद्या केंद्रात दर आठवड्याला २० नवे रुग्ण येतात आणि १५ जणांनाच यंत्र बसवून देता येते असे मानू. दर आठवड्याला ५ जण शिल्लक राहतील. वर्षाअखेर ही संख्या २६० होईल आणि त्या दिवशी येणाऱ्या रुग्णास सुमारे १७ आठवडे थांबावे लागेल. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी यादी ५२० वर आणि प्रतीक्षा जवळजवळ ३५ आठवड्यांवर जाईल. या वेळी एकदाच विशेष निधी देऊन यादी साफ केली, तरी आठवड्याची क्षमता १५ वरच राहिल्यास ती पुन्हा तशीच वाढेल. उलट क्षमता २० पर्यंत नेली, पण साचलेल्या ५२० जणांची वेगळी व्यवस्था केली नाही, तर प्रतीक्षा २६ आठवड्यांवर येऊन तेथेच थांबेल. तात्पर्य, साचलेले काम उपसणे आणि कायमस्वरूपी क्षमता वाढविणे हे दोन्ही उपाय एकाच वेळी करावे लागतात.

या हिशेबात आणखी एक बाब विसरली जाते. यंत्राचे आयुष्य काही वर्षांचेच असते. एडिप योजनेतही सर्वसाधारणपणे तीन वर्षांनंतर पुन्हा साधन घेता येते. त्यामुळे आज यंत्र मिळालेली व्यक्ती काही वर्षांनी पुन्हा रांगेत येते. सेवा जितकी यशस्वी, तितकी तिची भावी मागणी अधिक, हे या क्षेत्राचे वैशिष्ट्य आहे.

५.२ प्रशिक्षित मनुष्यबळाची कमतरता

श्रवणयंत्र ही वस्तू असली तरी श्रवणयंत्र बसविणे ही सेवा आहे. वस्तू एकगठ्ठा खरेदी करता येते. सेवा देण्यासाठी माणूस लागतो. भारतात श्रवणशास्त्राचे शिक्षण १९६०च्या दशकात सुरू झाले. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. तथापि प्रशिक्षित तज्ज्ञांचा ओढा महानगरे, खासगी केंद्रे आणि परदेश यांकडे राहिला. जिल्हा पातळीवरील पदे बहुधा कंत्राटी असल्याने तज्ज्ञ फार काळ टिकत नाहीत. पद रिक्त झाले की त्या जिल्ह्यातील श्रवणमापनाची साखळी पहिल्याच कडीपाशी तुटते.

५.३ कायद्यातील श्रवणपातळीची अट

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असल्यास ‘बधिर’ आणि ६० ते ७० डेसिबल असल्यास ‘ऐकण्यास कमी’ अशी व्याख्या आहे. सर्वसाधारण संभाषणाची पातळी सुमारे ६० डेसिबल असते, हे लक्षात घेतल्यास या अटीचा अर्थ स्पष्ट होतो. ज्याचा श्रवणऱ्हास ५० डेसिबल आहे, त्याला समोरच्याचे बोलणे जेमतेम कुजबुजीसारखे ऐकू येते. तरीही कायद्याच्या दृष्टीने तो दिव्यांग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात ३५ ते ५० डेसिबल हा मध्यम आणि ५० ते ६५ डेसिबल हा मध्यम-तीव्र श्रवणदोष मानला आहे. श्रवणयंत्राचा लाभ ज्यांना चांगला होतो, असा हाच गट आहे.

ज्येष्ठांसाठीच्या वयोश्री योजनेत भर वय व उत्पन्नावर आहे. मुलांसाठी बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. परंतु १८ ते ५९ या कमावत्या वयोगटातील, मध्यम श्रवणदोष असलेल्या आणि गरीब व्यक्तीसाठी या योजनांच्या चौकटीत जागा फारच अपुरी आहे. वर उल्लेखिलेल्या शेतमजुराचा श्रवणऱ्हास ५५ डेसिबल निघाला, तर चार फेऱ्यांनंतर त्यास ‘आपण पात्र नाही’ एवढेच उत्तर मिळण्याची शक्यता असते. अशा व्यक्तीची प्रतीक्षा लांब नसते, तर अंतहीन असते. आणि ती कोणत्याही यादीत मोजली जात नाही.

५.४ प्रमाणपत्राचा कालावधी

१ जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्रे केवळ केंद्रीय ऑनलाईन प्रणालीद्वारे देणे बंधनकारक झाले. त्यामुळे बनावट प्रमाणपत्रांना काही प्रमाणात आळा बसला, परंतु अर्जाची पायरी वाढली. २०१७ च्या नियमांत प्रमाणपत्र देण्यासाठी एक महिन्याची मुदत होती. २०२४ च्या सुधारणेने ती तीन महिने करण्यात आली. छाननी काटेकोर व्हावी हा हेतू असला, तरी यंत्रापूर्वीचा अनुज्ञेय विलंब नियमानेच तिप्पट झाला, ही वस्तुस्थिती आहे.

५.५ शिबिरकेंद्रित वितरण

शिबिरांमुळे दुर्गम भागातील व्यक्तींपर्यंत पोहोचता येते, हा त्यांचा मोठा गुण आहे. तथापि शिबिर ही घटना असते आणि श्रवणपुनर्वसन ही प्रक्रिया असते. शिबिरानंतर महिन्याभराने जन्मलेल्या अथवा निदान झालेल्या बालकास पुढील शिबिरापर्यंत थांबावे लागते. शिबिराचे यश वाटप केलेल्या साधनांच्या संख्येवर मोजले जाते; सहा महिन्यांनी किती यंत्रे वापरात आहेत, याची मोजणी सहसा होत नाही.

६. विलंबाचे परिणाम

६.१ बालके

नवजात बालकांच्या संदर्भात ‘एक-तीन-सहा’ हे सूत्र जगभर मान्य आहे. पहिल्या महिन्यात प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजना असा त्याचा आशय आहे. अमेरिकेतील योशिनागा-इतानो व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा महिन्यांपूर्वी निदान झालेल्या मुलांचा भाषाविकास उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा लक्षणीय चांगला आढळला. मेंदूतील श्रवणकेंद्रांची जडणघडण आयुष्याच्या पहिल्या वर्षांत होते. त्या काळात ध्वनी पोहोचला नाही तर नंतर उत्तम यंत्र देऊनही नुकसान पूर्णपणे भरून निघत नाही.

मराठी भाषेच्या दृष्टीने हा मुद्दा अधिक स्पष्ट करता येईल. मराठीत शब्दांचे परस्परसंबंध बव्हंशी शब्दाच्या शेवटी येणाऱ्या प्रत्ययांनी कळतात. ‘घरात’, ‘घरास’, ‘घराशी’ या रूपांतील फरक त, स, श या उच्च वारंवारितेच्या व क्षीण ध्वनींवर अवलंबून आहे. श्रवणदोष असलेल्या बालकाच्या कानी ‘घरा’ एवढाच भाग पडतो. ‘साल’ आणि ‘शाल’ किंवा ‘ताट’ आणि ‘थाट’ यांतील भेदही त्यास जाणवत नाही. केवळ शब्द नव्हे तर व्याकरणच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पुढे शाळेत त्यास ‘मंद’ ठरविले जाते, ते बुद्धीमुळे नव्हे तर न मिळालेल्या ध्वनीमुळे.

कॉक्लिअर रोपणाच्या बाबतीत विलंबाचा परिणाम याहूनही कठोर होतो. २०१४ च्या सुधारणेनुसार एडिप योजनेत या शस्त्रक्रियेसाठी ६ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. मात्र जन्मजात बहिरेपण असलेल्या मुलांसाठी पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. रोपणापूर्वी काही महिने श्रवणयंत्र वापरून पाहणे आवश्यक मानले जाते. म्हणजे श्रवणयंत्र उशिरा मिळाल्यास रोपणाची पात्रताच हातची जाऊ शकते. येथे प्रतीक्षा केवळ सेवा लांबवीत नाही, तर सेवेचा हक्कच संपुष्टात आणते.

६.२ प्रौढ व ज्येष्ठ व्यक्ती

कमावत्या वयात श्रवणदोषाचा पहिला आघात रोजगारावर होतो. सूचना चुकीच्या ऐकल्यामुळे होणाऱ्या चुका निष्काळजीपणा समजल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दुर्लक्षित श्रवणदोषाची जागतिक किंमत वर्षाकाठी ९८,००० कोटी अमेरिकन डॉलर इतकी आहे. कान व श्रवणसेवांवरील दर एक डॉलरच्या गुंतवणुकीतून जवळजवळ १६ डॉलरचा परतावा मिळतो, असेही तिचा अहवाल सांगतो.

ज्येष्ठांमध्ये एकटेपणा हा सर्वांत दृश्य परिणाम होय. घरातील संभाषणातून हळूहळू बाजूला होणारी व्यक्ती ‘हट्टी’ किंवा ‘विसराळू’ म्हणून ओळखली जाऊ लागते. स्मृतिभ्रंशाविषयीच्या ‘लॅन्सेट’ आयोगाने २०१७, २०२० व २०२४ या तिन्ही अहवालांत श्रवणदोषाचा समावेश टाळता येण्याजोग्या प्रमुख धोक्यांत केला आहे. या संदर्भात अतिशयोक्ती मात्र टाळली पाहिजे. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अचीव्ह’ या चाचणीत सर्व सहभागींच्या सरासरीत श्रवणयंत्रामुळे बौद्धिक ऱ्हासात लक्षणीय फरक आढळला नाही. धोका अधिक असलेल्या गटात मात्र तीन वर्षांत हा ऱ्हास ४८ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजेच श्रवणयंत्र हे स्मृतिभ्रंशावरील औषध नव्हे. परंतु सर्वाधिक धोक्यातील व्यक्तींना ते वेळेवर मिळणे महत्त्वाचे आहे.

७. इंग्लंडचा अनुभव

इंग्लंडमध्ये जुलै १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, त्याच वेळी ‘मेड्रेस्को’ हे शासकीय श्रवणयंत्र मोफत देण्यास प्रारंभ झाला. मागणी अपेक्षेहून इतकी अधिक आली की, आरंभीच्या वर्षांतच लांबलचक प्रतीक्षायाद्या तयार झाल्या. २००० ते २००५ या काळात जुन्या ॲनालॉग यंत्रांऐवजी डिजिटल यंत्रे देण्याचा आधुनिकीकरण कार्यक्रम राबविण्यात आला. घाऊक खरेदीमुळे यंत्राची किंमत खूप खाली आली. तथापि नवी यंत्रे चांगली असल्याचे समजताच जुनी यंत्रे वापरणारे असंख्य लोक फेरतपासणीसाठी आले आणि प्रतीक्षा वाढली. काही भागांत ती दोन वर्षांहून अधिक झाली.

२००४ मध्ये शासनाने २००८ अखेरपर्यंत उपचाराची कमाल प्रतीक्षा १८ आठवडे करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. परंतु ते वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालील सेवांना लागू होते. कुटुंब-डॉक्टरांकडून थेट श्रवणतज्ज्ञाकडे पाठविले जाणारे बहुसंख्य रुग्ण त्या उद्दिष्टाबाहेर राहिले. ज्या सेवेला उद्दिष्ट नव्हते, त्या सेवेकडील साधने उद्दिष्ट असलेल्या सेवांकडे वळण्याची भीती निर्माण झाली. २००७ मध्ये संसदेच्या आरोग्य समितीने या प्रश्नावर स्वतंत्र अहवाल दिला आणि त्याच वर्षी शासनाने श्रवणसेवा सुधारण्याचा आराखडा प्रसिद्ध केला. पुढे श्रवणसेवेतील प्रतीक्षेची मोजणी नियमित होऊ लागली आणि प्रतीक्षा बरीच घटली. २०२० नंतर, महासाथीच्या परिणामाने, ती पुन्हा वाढली.

या अनुभवातून तीन धडे मिळतात. पहिला, यंत्र मोफत करणे म्हणजे ते वेळेवर देणे नव्हे. दुसरा, यंत्राची किंमत कमी झाली तरी तज्ज्ञांचा वेळ वाढत नाही. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, प्रतीक्षा मोजली गेली म्हणूनच ती संसदेत चर्चिली गेली. भारतात यादीच एकत्र नाही. त्यामुळे प्रश्न विचारण्यास आधारच उरत नाही. प्रतीक्षायादी नसणे म्हणजे प्रतीक्षा नसणे नव्हे.

८. उपाययोजना

१. प्रतीक्षेची मोजणी : पहिल्या तपासणीची तारीख, प्रमाणपत्राची तारीख, यंत्र बसविल्याची तारीख आणि सहा महिन्यांनंतरच्या वापराची नोंद या चार बाबी प्रत्येक जिल्ह्याने प्रसिद्ध कराव्यात. यासाठी नव्या योजनेची नव्हे, तर नोंदवहीतील चार रकान्यांची गरज आहे.

२. बालकांना अग्रक्रम : तीन वर्षांखालील बालकांच्या बाबतीत प्रमाणपत्राची वाट न पाहता निदानाच्या आधारे यंत्र द्यावे आणि कागदपत्रे नंतर पूर्ण करावीत. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात यंत्रांचा राखीव साठा ठेवावा.

३. पात्रतेचा फेरविचार : आरक्षणादी लाभांसाठीची श्रवणपातळी आणि श्रवणयंत्रासाठीची श्रवणपातळी वेगवेगळी असू शकते. नोकरीतील आरक्षणासाठी कठोर निकष समर्थनीय आहे; श्रवणयंत्रासाठी वैद्यकीय गरज हाच निकष योग्य ठरेल.

४. कामाची विभागणी : प्रशिक्षित साहाय्यक प्राथमिक चाचणी, साचा घेणे, बॅटरी व किरकोळ दुरुस्ती ही कामे तालुका पातळीवर करू शकतात. निदान व यंत्राची जुळणी श्रवणतज्ज्ञाने करावी. यामुळे तज्ज्ञाचा वेळ वाचतो आणि रुग्णाची फेरीही.

५. शिबिराला केंद्राची जोड : प्रत्येक वितरण शिबिरानंतर ठरावीक वारी उपजिल्हा रुग्णालयात पाठपुरावा सेवा असावी. स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवावयाच्या ५ टक्के निधीतून बॅटऱ्या व दुरुस्तीचा खर्च भागविता येईल.

६. रोख साहाय्यास सेवेची जोड : ३,००० रुपयांत यंत्राची तपासणी, जुळणी व साचा या सर्वांचा खर्च भागत नाही. चाचणीविना बाजारातून घेतलेले ध्वनिवर्धक उपयोगी पडेलच असे नाही. रोख रकमेसोबत शासकीय केंद्रातील श्रवणालेख व जुळणी यांची हमी असावी.

९. महाविद्यालयांची भूमिका

हा प्रश्न केवळ आरोग्य विभागाचा आहे असे मानणे योग्य ठरणार नाही. २०१६ च्या अधिनियमानुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा संदर्भांकित दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखीव आहेत. तथापि सौम्य व मध्यम श्रवणदोष असलेले विद्यार्थी कोणत्याही नोंदीशिवाय वर्गात बसलेले असतात. प्रश्न विचारल्यावर भलतेच उत्तर देणारा, सतत शेजाऱ्याच्या वहीत पाहणारा अथवा शिक्षक फळ्याकडे वळताच लिहिणे थांबविणारा विद्यार्थी बेशिस्त असेलच असे नाही. तो कदाचित ओठांच्या हालचालींवरून व्याख्यान समजून घेत असेल. प्रवेशाच्या वेळच्या आरोग्य तपासणीत श्रवणचाचणीचा समावेश, राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांमार्फत दत्तक गावातील ज्येष्ठांचे ऑनलाईन अर्ज भरून देणे, आणि ३ मार्च या जागतिक श्रवण दिनी तपासणीचे आयोजन ही कामे कोणत्याही महाविद्यालयास सहज शक्य आहेत. समाजशास्त्र व अर्थशास्त्र विभागांना आपल्या तालुक्यातील प्रतीक्षाकाळाचा क्षेत्रीय अभ्यास हाती घेता येईल. जी मोजणी शासनस्तरावर झालेली नाही, तिचा आरंभ येथून होऊ शकतो.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनातून असे स्पष्ट होते की, श्रवणयंत्रांच्या प्रतीक्षेचे मूळ केवळ यंत्रांच्या तुटवड्यात नाही. तज्ज्ञांची अपुरी संख्या, प्रमाणपत्राची लांबलेली वाट, श्रवणपातळीची कठोर अट, शिबिरावर विसंबलेले वितरण आणि पाठपुराव्याचा अभाव या पाच घटकांच्या साखळीतून ती निर्माण होते. साखळीतील एखादीच कडी दुरुस्त केल्यास रांग पुढच्या कडीपाशी जाऊन थांबते. बालकांच्या बाबतीत विलंबाची किंमत भाषेच्या रूपाने, प्रौढांच्या बाबतीत रोजगाराच्या रूपाने आणि ज्येष्ठांच्या बाबतीत एकाकीपणाच्या रूपाने मोजावी लागते.

एखाद्या रुग्णालयाबाहेर लागलेली रांग दिसते, म्हणून तिच्याबद्दल तक्रार होते. ऐकू न येणाऱ्यांची रांग घराघरांत विखुरलेली आहे आणि त्या रांगेतील माणसे बहुधा गप्प बसलेली असतात. त्यांची गणना करणे हे त्यांच्या पुनर्वसनाचे पहिले पाऊल ठरेल.